उद्यमबागेतला धूर

बेळगावच्या उद्यमबागेत मी फाउंड्र्यांच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांच्या, एनर्जी ऑडिटचं काम करतो; इंधन आणि वीज कुठं किती जाते ते बघायचं. त्या दिवशी गेलो तिथल्या मालकांनी क्युपोला, म्हणजे कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) चालणारी जुनी भट्टी, मोडून विजेवरची इंडक्शन फर्नेस बसवली होती. "बघा की सर, धूर कुठं दिसूलालाय?" त्यांचा अभिमान खरा होता. क्युपोला पेटली की आमच्या गल्लीत दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. मी तिथंच वाढलोय.

हिशेबाला बसलो. जुन्या वहीत टनभर लोखंड वितळवायला १३० किलो कोक. किलोभर कोक जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनामागं ३९० किलो. नव्या भट्टीला टनाला ७०० युनिट लागत होते. ग्रिडची बरीच वीज अजून कोळशावर होते; युनिटमागं ०.७ किलो धरलं तर ४९० किलो. पुन्हा गुणाकार केला. तेच उत्तर. उद्यमबागेतला धूर रायचूर-बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रांकडं गेला होता, एवढंच.

शिवाय महिन्याचं कास्टिंग १२० टनांवरून ३०० टनांवर गेलेलं. म्हणजे ४७ टन कार्बन डायऑक्साइडचे १४७ टन झाले. पण त्या वाढीव कामावर कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या. काम कमी करा, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार?

"मग चिमणी परत बांधू काय?" मालकांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

नाही, म्हटलं. कोकचा कार्बन जळला की हवेतच जाणार, वीज मात्र स्वच्छ होऊ शकते. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत, शेडवर सोलर बसतं. पण आधी ७०० युनिट का, ते बघू.

भट्टीजवळ दुपारभर उभा राहिलो. लोखंड वितळवून ओतण्याइतकं तापवायला तत्त्वतः ४०० युनिटच्या आसपास पुरतात. इथं लोखंडाचा रस तयार व्हायचा, पण साचे तयार नसायचे. चाळीस मिनिटं रस तसाच तापत ठेवलेला, वर झाकण उघडं. तोंडाशी उभं राहवत नव्हतं. ती सगळी वीज छपराकडं चालली होती.

भट्टीवरच्या मामांना झाकण लावायला सांगितलं, आणि साचे लागल्याशिवाय शेवटचा माल भट्टीत टाकू नका, म्हटलं. संध्याकाळच्या दोन हीट, म्हणजे भट्टीचे दोन घाणे, टनाला ६१० युनिटवर आल्या. म्हणजे ४२७ किलो. अजूनही जुन्या कोकपेक्षा जास्तच.

मी वही मिटत होतो, तेवढ्यात मामा आले. "सायेब, रात्रपाळीवाल्यांना पण झाकणाचं सांगून ठेवू काय?"