तांब्याचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधले झोअँथिड, म्हणजे फुलांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ, मिटले ते उघडलेच नाहीत. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-केशरी फुलं, दोन वर्षांत चाराची चाळीस झालेली. बोळक्या तोंडासारखी आत ओढून बसली. चौथ्या दिवशी लेदर कोरलने मान टाकली. झेनिया हा आणखी एक मऊ प्रवाळ, तो तर विरघळलाच. सकाळी दगडावर नुसता चिकट डाग होता.

आम्ही भुसावळला राहतो. इथे घरात समुद्र सांभाळतो म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे. टँक तसा छोटाच, तीन बाय दीड बाय दीड फूट, 190 लिटरच्या आसपास. त्यात मऊ जातीची कोरल्स, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबीच), थोड्या गोगलगायी. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.

तर पहिला संशय अर्थातच उन्हावर. पण खरं सांगायचं तर टँकच्या बाबतीत खान्देशी उन्हाळा वाटतो तितका वैरी नाही. मुंबईचे मित्र चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मशीनशिवाय, बोलत नाहीत. आमच्याकडे बाहेर 45 असलं तरी हवा इतकी कोरडी की पाण्यावर दोन छोटे पंखे सोडले तरी टँक 27-28 वर राहतो. माठ थंड होतो तसाच. त्या खोलीत मी कूलरही लावू देत नाही, कारण कूलरने खोली दमट होते आणि पंख्यांचा गुण जातो. (यावरून घरात दरवर्षी एक भांडण ठरलेलं आहे. बायकोचं म्हणणं, माशांना हवा आणि माणसांना घाम.) या सुखाची किंमत म्हणजे रोज जवळजवळ पाच लिटर पाणी उडून जातं. मीठ मागे राहतं, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं.

तापमानाची वही काढली. 28.5 च्या वर एकही नोंद नाही. शिवाय उष्णतेने कोरलच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं, मांस मात्र काही दिवस जिवंत दिसतं. माझ्याकडे पांढरं काहीच नव्हतं. रंग तसाच, पण सगळं आक्रसलेलं, झडत चाललेलं.

मग बाकीची उजळणी. खारटपणा 1.025. अल्कलिनिटी 8, नायट्रेट 10. सगळं जागच्या जागी. काच घासायच्या चुंबकाला गंज नाही. कुठून करंट उतरतोय का म्हणून पाण्यात टेस्टर धरून बघितला, तोही पेटला नाही. रात्री टॉर्च घेऊन झोअँथिड खाणाऱ्या किड्यांचा शोध घेतला, आणि बायकोने 'आता झोपा' म्हणून लाईट घालवली.

काही सापडेना तेव्हा जे सगळे करतात तेच मी केलं, पाणी बदललं. आधी 20 लिटर, दोन दिवसांनी 40. आणि इथेच मला खटकायला हवं होतं. पाणी बदलल्यावर तासाभरात उरलेसुरले झोअँथिडही मिटायचे. मी मनाशी म्हणायचो, दमले असतील बिचारे.

नाइट शिफ्टला जरा निवांत वेळ होता. ड्युटी चार्टच्या पाठीवर मी लिहून काढलं, कोण कधी गेलं. तेव्हा आठवलं की मे महिन्यातच तीन गोगलगायी एकामागून एक तळाला उलट्या पडल्या होत्या आणि त्या मी उन्हाच्या खात्यावर टाकल्या होत्या. मेच्या शेवटी श्रिम्प कात टाकताना अर्ध्यातच मेला. मग झोअँथिड, लेदर, झेनिया. आणि क्लाउनफिश? ते मस्त. सकाळ-संध्याकाळ खायला मागत काचेवर नाचत होते.

यादी बघून मला घाम फुटला, कारण मी नोकरी करतो ती दीपनगरच्या वीजकेंद्रात, पाणी तपासायच्या लॅबमध्ये. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातलं तांबं आम्ही पीपीबीत, म्हणजे अब्जात एक भाग अशा हिशोबाने, मोजतो. बिनकण्याचे सगळे मरतात आणि मासे खुशाल असतात, याचा अर्थ कळायला मला इतके दिवस लागावेत! समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की लिटरला 0.15 ते 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास तांबं देऊन तो बरा करतात. मासा ते सोसतो. कोळंबी-गोगलगायींना तेवढं पुरून उरतं.

पण तांबं आलं कुठून? पंपाचे स्क्रू पाहिले. भाच्याने एखादं नाणं टाकलं असेल म्हणून वाळू चाळली. शेवटी रात्री साडेदहाला टॉप-अपचा, म्हणजे रोज वरून घालायच्या गोड्या पाण्याचा, कॅन भरायला स्वयंपाकघरात गेलो, आणि समोर आरओ मशीनवर तांबड्या रंगाचं स्टिकर.

एप्रिलच्या मध्याला सर्व्हिसिंग झालं होतं. मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, आता कॉपरवालं कार्ट्रिज येतं, बसवून देऊ का?" मी हो म्हणायच्या आत आईच हो म्हणाली. आईचं माहेर अमळनेरचं. तिची अहिराणी अशा वेळी हमखास बाहेर येते: "तांबानं पानी चांगलं ऱ्हास भाऊ. तुना मासासले बी दे थोडं."

आणि मी दिलं की! रोज पाच लिटर, म्हणजे 45 दिवसांत 225 लिटर, टँकमध्ये मावतं त्याहून जास्त. पाणी उडून गेलं, तांबं मात्र तिथेच साठत गेलं. वर औषध म्हणून बदललेलं पाणीही त्याच नळाचं. माणसाला एका ग्लासात जे काहीच नाही, ते इथे दीड महिना आटवलं गेलं. टीडीएस मीटर मी नेमाने बघत होतो. आधी 38, नंतर 41. तो आकडा एवढंच सांगतो की काहीतरी विरघळलंय. काय विरघळलंय ते सांगत नाही. हे तर मी लॅबमध्ये नव्या पोरांना शिकवतो.

मुंबईहून तांब्याचं टेस्ट किट मागवलं. रंग फिकाच आला, पण आला. सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या जोडटाकीत, धातू शोषणारं पांढरं पॅड ठेवलं, तर दोन दिवसांत कडेने निळसर झालं. त्या निळ्या कडेइतका पक्का पुरावा मला लॅबमध्येही क्वचित मिळाला असेल.

आता टँकसाठी वेगळं आरओ घेतलं आहे, पुढे डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षारही ओढून घेणारे दाणे), मीटरवर शून्य दाखवणारं. फिल्टरमधला कार्बन आठवड्याला बदलतो, पॅड निळं झालं की फेकतो, आणि पाणी बदलतो, यावेळी शून्याचं. घाई करून उपयोग नाही. दगडांनी तांबं पिऊन ठेवलंय, ते सावकाश सोडतील. चाळीसातले सात झोअँथिड उरलेत. लेदरने मेणचट कातडं टाकलं आणि परवा त्याच्या टोकांवर बारीक बोटं दिसली.

स्वयंपाकघरातलं कार्ट्रिज जागेवरच आहे. त्याला हात लावायची माझी टाप नाही. आईने माझ्या कॅनला लाल दोरा बांधलाय, चुकून कुणी ते बेचव पाणी पिऊ नये म्हणून.

रविवारी टँकमध्ये एकच गोगलगाय सोडली. आज बुधवार. सकाळी काचेच्या वरच्या कोपऱ्यात होती, आत्ता बघितलं तर एक वीत खाली आलीय, मागे शेवाळात घासलेला स्वच्छ पट्टा सोडून.