आठव्या चालीला मात

मी लहान मुलांना चेस शिकवतो. मागच्या महिन्यात जिल्ह्याची अंडर ११ स्पर्धा होती, दुसरा राऊंड सुरू होऊन दहा मिनिटं पण झाली नसतील आणि माझी नऊ वर्षांची विद्यार्थिनी डोळे भरून हॉलबाहेर आली. स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, बघितली, आठव्या चालीला मात.

समोरच्याने एंग्लुंड गॅम्बिट लावला होता, म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादं देऊन सापळा लावायचा. हिचं प्यादं डी४ला (पटावरच्या घरांना अशी नावं असतात), त्याचं लगेच इ५ला, हिने प्यादं घेतलं, मग त्याचा वजीर इ७वरून बी४ला शह देऊन बी२चं प्यादं खाऊन गेला. आता वजीर हाकलायचा म्हणून हिने उंट सी३ला आणला आणि तिथेच सगळं संपलं, कारण काळा उंट बी४ला येतो, पांढरा उंट राजासमोर पिन होतो, म्हणजे हलला तर राजाला शह, वजीर डी२ला आणून वाचवायला गेलं की सी३वर मारामारी होते आणि शेवटी काळा वजीर सी१ला मात देतो. तिथे फक्त घोडा सी३ला काढायचा होता. मग पांढऱ्याचाच डाव चांगला.

चूक तिची नव्हती हो, माझी होती. मी ओपनिंगच्या लाइन्स, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करून घेतल्या, पण समोरचा लाइनबाहेर गेला तर काय करायचं हे कधी शिकवलंच नाही. बाहेर पायरीवर पट मांडला. तिला सांगितलं, १९८०मध्ये स्वीडनमधल्या स्कारा गावात इंग्लंडच्या ग्रँडमास्टर टोनी माइल्सने इ४ला ए६ असं विचित्र उत्तर दिलं आणि समोर वर्ल्ड चॅम्पियन कार्पोव्ह होता, तो हरला. चाल विचित्र दिसली तर राग नको, घाई नको, आधी हात मांडीखाली ठेव आणि बघ की याला पुढे काय करायचंय.

पाचव्या राऊंडला समोरच्या मुलाने पहिलीच चाल जी४ खेळली, तशीच विचित्र! मी लांबून बघत होतो, छातीत धडधड. हिने डी५ केलं, त्याने उंट जी२ला काढला, आता जी४चं प्यादं फुकट दिसत होतं. पण उंटाने ते घेतलं की सी४ येतं आणि घाईत तेही प्यादं खाल्लं तर बी७चं प्यादं जाऊन कोपऱ्यातला हत्ती अडकतो. तिने खरंच हात मांडीखाली घेतले. चार मिनिटं विचार केला आणि सी६ खेळली, आधी डी५चं प्यादं पक्कं.

डाव ड्रॉ झाला, एंडिंगमध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, तिचं एक प्यादं जास्त होतं तरी. रुक एंडिंग, म्हणजे हत्तींचं एंडिंग, आता पुढच्या आठवड्यात घेतोय.