बीएमआय ठीक आहे, मग पोटाला टेप कशाला?

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणारे हमखास विचारतात, ‘बीएमआय चोवीस आला, तक्त्यात हिरव्या रंगात आहे. मग पोट का मोजायचं?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.

तो हिरवा रंग बहुधा परदेशी तक्त्यातला असतो. तिथे जादा वजन २५ला सुरू होतं. भारतीयांसाठी २००९च्या शिफारशींत ते २३लाच सुरू होतं आणि २५पासून लठ्ठपणा.

शिवाय उंची! ६४ किलो, १६० सेंटीमीटर: १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, भागाकार बरोब्बर २५. तीच उंची अंदाजाने १६५ सांगितलीत की २३.५. पाच फूट तीन इंच म्हणजे ५.३ फूट नव्हे. ६३ इंच गुणिले २.५४. कॉलेजातली उंची पन्नाशीत सांगू नका. चपला काढा, टाचा भिंतीला लावा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण करा.

पण हिशेब अचूक आला तरी पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्याला स्नायू, हाड, चरबी सगळं सारखंच. आपल्याकडे हडकुळ्या हातापायांच्या माणसाचं पोट सुटतं आणि मधुमेहाला वाट मिळते ती तिथून.

म्हणून टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पॅंटचा नंबर सांगू नका, पॅंट पोटाखाली उतरलेली असते. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्यापुढे धोका.

‘मग बीएमआय टाकाऊच म्हणा की!’ नाही. हजारो माणसांचा अंदाज घ्यायला तो चांगलाच आहे, एकट्या माणसाचा निकाल लावायला नाही. पूर्वी मीही तक्ता बघून ‘ठीक आहे’ म्हणत असे, टेप ड्रॉवरमध्येच असायची. ते चुकलंच.

पण उलटंही असतं. एका बाईंचा बीएमआय २४.५, कंबर ७७, साखर नॉर्मल, रोजचं चालणं. शिफारशींप्रमाणे वजन जादा. उतरवा म्हणावं का? कधी हो वाटतं, कधी उगाच वाटतं. तूर्त दर सहा महिन्यांनी त्याच जागी टेप लावा, एवढंच सांगतो.