चुरलेली भाकरी

काल मळ्यात भरीत होतं. हात धुऊन येते तर माझ्या ताटात कळण्याची भाकरी चुरून ठेवलेली. मध्ये खळगा करून त्यात भरीत, वर तेल. लहान पोराला कालवून देतात ना, तसं. कुणी चुरली ते विचारलं नाही. सुनेनेच असणार.

याच मळ्यात, याच चुलीवर मी एका बैठकीत तीस-तीस भाकरी थापल्यात.

चूक वेळेची होती. माझ्या पार्किन्सनच्या बाराच्या गोळीचा असर तीनपर्यंत उतरतो, पुढची चारला. वांगी पऱ्हाट्यांवर भाजून, सोलून, ठेचून होईस्तोवर सव्वातीन झाले. कळण्यात उडीद, भरतात शेंगदाणे. डॉक्टरांनी समजावलं होतं, डाळी-दाण्यांतली प्रथिनं आणि ही लेव्होडोपाची गोळी आतड्यातून एकाच दाराने आत जातात. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी बाहेरच ताटकळते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवून तासाभराने. घरी वरण, उसळ सगळं रात्रीवर ढकललंय. सोडलं नाही, सोडायचं नसतंच. पण काल ‘मी थांबते’ म्हटलं असतं तर अख्खी पंगत थांबली असती. बसले.

लोकांना वाटतं थरथरीचा त्रास. हात कामाला लागला की थरथर उलट कमी होते. गोळी उतरली की बोटं जड होतात, भाकरी दाबून तोडायची म्हटलं तर अंगठा ऐकत नाही. मागच्या हिवाळ्यात तोडली होती मी. उशीर लागला, पण तोडली होती. तेव्हाही सून शेजारीच होती, बघत होती म्हणजे.

विचारायचं तरी. ‘आई, चुरू का?’ एवढंच. मी नाहीच म्हटलं असतं, ते सोडा.

धाकटी समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होती. तिचं काय लिहायचं.

रात्री आडवी झाल्यावर आठवलं, कवळी बसवल्यापासून हेसुद्धा भाकरी चुरूनच खातात. सहा वर्षं झाली. कालही माझ्या शेजारीच चुरत बसले होते. त्यांच्या ताटाकडे कुणाचं लक्ष नाही, माझंही नव्हतं. आणि खरं सांगू, तेल मुरलेला तो चुरा मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

चारची गोळी लागायला सहा वाजले, ते वेगळंच.

आज सकाळी सुनेने विचारलं, कालच्या भाकरी उरल्यात, काय करू? म्हटलं, चुरून फोडणीला टाक. सगळ्यांनाच.