परक्या भाषेतला ओळखीचा चेहरा

शिरपूर, १३ डिसेंबर

आज स्मिता पाटील यांचा स्मृतिदिन. १९८६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. जन्म पुण्याचा असला तरी वडील शिवाजीराव पाटील इथले, शिरपूरचे. त्यामुळे आमच्या भागात त्यांच्याविषयी बोलताना ‘आपली स्मिता’ असेच म्हटले जाते. हा आपलेपणा ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ यांच्यापलीकडे मात्र सहसा जात नाही. परक्या भाषांमध्ये त्यांनी जे काम करून ठेवले आहे, ते आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल, म्हणून आज संध्याकाळी मुद्दाम ‘चिदंबरम’ लावला.

जी. अरविंदन यांचा हा १९८५ चा मल्याळम चित्रपट. मुन्नारच्या डोंगरातील सरकारी पशुपालन केंद्रावर राबणारा मुनियांडी हा तमिळ मजूर गावाकडे जाऊन लग्न करतो आणि शिवकामीला घेऊन येतो. म्हणजे मल्याळम चित्रपटात तमिळ नवी नवरी आणि ती उभी करणारी मराठी अभिनेत्री. शिवकामीला संवाद अगदी मोजके आहेत. ती फुलांपाशी थबकते, हिरव्या उतारांकडे पाहत राहते, आणि केंद्रावरचा अधिकारी शंकरन तिचे छायाचित्र घेऊ लागतो तेव्हा संकोच आणि कुतूहल एकाच वेळी तिच्या चेहऱ्यावर येतात. शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आत्याला मल्याळम तर सोडाच, हिंदीही अर्धवटच कळते आणि खालची इंग्रजी अक्षरे तिच्या काही कामाची नव्हती. तरीही एका प्रसंगी तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, “ती भ्यायेल शे, पन कोनले सांगी नही ऱ्हायनी.” मी पटकथा समजावून सांगितली असती, तरी याहून नेमके सांगता आले नसते.

मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’ या बंगाली चित्रपटात स्मिता पाटील चित्रीकरणासाठी खेड्यात आलेली नटी, म्हणजे जवळजवळ स्वतःच, होऊन वावरतात, तर केतन मेहता यांचा ‘भवनी भवाई’ गुजराती. सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ची भाषा हिंदी असली, तरी त्यातला झुरियाचा पावसातला आक्रोश कोणत्याही भाषेचा नाही.

ही वाट त्यांच्याही आधी मळलेली होती. ‘प्रभात’ने १९३७ साली ‘कुंकू’ आणि त्याचाच हिंदी अवतार ‘दुनिया न माने’ हे दोन्ही चित्रपट काढले आणि शांता आपटे यांनी दोन्हींत तीच नायिका साकारली. पुढे १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या, त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! मराठी नटीने तमिळ शिकावे आणि थेट सुब्बुलक्ष्मींसमोर उभे राहावे, या धाडसाचे मला आजही नवल वाटते. ‘उंबरठा’ही हिंदीत ‘सुबह’ या नावाने स्वतंत्रपणे झाला, आणि दोन्हींत नायिका स्मिता पाटीलच.

आता प्रवास उलट्या दिशेने होतो. नट आपल्या भाषेत राहतो आणि त्याचा चित्रपट तेवढा परभाषेत जातो. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज शरद केळकरांचा आणि ‘पुष्पा’मध्ये अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा. पूर्वी मराठी चेहरा परक्या भाषेत जात असे, आज मराठी माणसाचा आवाज तेलुगू चेहऱ्याला हिंदी बोलायला लावतो. हे काम हलके आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या ओठांशी जुळवून घेत बोलणे आणि त्यात जीव ओतणे ही स्वतंत्र कला आहे. तरीही ओठ आणि शब्द यांच्यात राहून गेलेली फट मला सतत खुपते, आणि परक्या भाषेत वावरणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर जी सावध एकाग्रता दिसते, ती स्टुडिओत भरलेल्या आवाजात मला अजून सापडलेली नाही.

आत्याचे मत अर्थातच वेगळे आहे. दुपारी टीव्हीवर लागणारे दाक्षिणात्य मारधाडपट ती एकही चुकवत नाही. त्यांतला नायक मुळात हिंदी बोलतच नाही, हे मी आज जेवताना सांगितले, तर तिने ते साफ धुडकावून लावले.