तुम्ही विचारलेत म्हणून: लिनक्स सर्व्हर डोमेनला जोडायला इतका वेळ का लागतो?

"सगळे कर्मचारी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आहेतच, मग तेच पासवर्ड लिनक्सवर चालवायला एवढे दिवस कशाला? एक कमांड तर द्यायची असते." हा प्रश्न मला व्यवस्थापक विचारतात, विंडोज सांभाळणारे सहकारी विचारतात, आणि आता नव्याने रुजू झालेली मुलेही विचारू लागली आहेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कर्मचाऱ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा; सर्व्हर डोमेनला जोडणे म्हणजे त्याला तीच खाती वापरायला लावणे. कमांड एकच असते, हे खरे आहे. डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) नीट असेल आणि घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक नसेल (असला तर ओळख तपासणारा कर्बरॉस दारातूनच परत पाठवतो), तर लॉगिन लगेच सुरू होते. वेळ लागतो तो ही कमांड देण्याआधी.

विंडोज माणसाला एसआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकाने ओळखते, तर लिनक्सला यूआयडी हा साधा पूर्णांक हवा असतो. फायलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, हा आकडा लिहिलेला असतो. कोणत्या एसआयडीला कोणता आकडा द्यायचा हे ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवते.

एका जुन्या नोकरीत मी रुजू झालो तेव्हा दोन लिनक्स सर्व्हर विनबाइंड या सॉफ्टवेअरने डोमेनला आधीच जोडलेले होते आणि दोघांवर एकच एनएफएस साठा, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा सामायिक फाइलसाठा, माउंट केलेला (जोडलेला) होता. एसआयडीला यूआयडी जुळवून देणारा नकाशा मूळ टीडीबी पद्धतीचा होता, म्हणजे ज्या सर्व्हरवर जो आधी येईल त्याला तिथला पुढचा मोकळा आकडा. लॉगिन उत्तम चालत असल्याने कोणाची तक्रार नव्हती. एके दिवशी एक शिकाऊ मुलगा येऊन म्हणाला, "सर, ही फाइल माझ्या नावावर दिसतेय, पण ती मी केलेली नाही." ती पगारपत्रकाची फाइल होती. पहिल्या सर्व्हरवर लेखा विभागातल्या बाईंना मिळालेला आकडाच दुसऱ्या सर्व्हरवर या मुलाला मिळाला होता, आणि एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या मांडणीत सर्व्हरकडे जातो तो नुसता आकडा, त्यामुळे साठ्याच्या दृष्टीने दोघे एकच होते.

दुरुस्ती म्हणजे मालकी बदलणे, एवढेच सर्वांना वाटले. पण 'अ'चा आकडा 'ब'ला आणि 'ब'चा 'अ'ला द्यायचा असेल, तर पहिली फेरी संपताच दोघांच्या फायली एकत्र मिसळतात आणि मग कोणाची कोणती हे सांगता येत नाही; म्हणून सगळ्यांना आधी एका तात्पुरत्या, कोणीच न वापरलेल्या आकड्यांच्या पट्ट्यात न्यावे लागले. त्यातही दोन्ही सर्व्हरवरून लिहिल्या गेलेल्या डिरेक्टऱ्यांत आकडा कोणत्या बाजूचा, हे फायली उघडून आणि माणसांना विचारून ठरवावे लागले. मालकी बदलली तरी एसीएलमधल्या (फाइल कोणाकोणाला वापरता येते त्या यादीतल्या) नोंदी जुन्याच राहतात, त्या वेगळ्या बदलाव्या लागल्या. बॅकअपमध्ये तर जुने आकडे कायमचेच राहिले, त्यामुळे पुढे कोणी फाइल परत मागितली की ती चुकीच्या मालकासह उगवे. "लॉगिन तर चालतेय ना?" असे मला त्या काळातही विचारले जात होते.

यावर उपाय काय, याबद्दल माझे माझ्याशीच पटत नाही. पूर्वी मी ठामपणे म्हणत असे की आरएफसी २३०७ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे यूआयडी डिरेक्टरीतच साठवावा, म्हणजे सगळीकडे एकच आकडा. तत्त्वतः ते आजही योग्य वाटते. पण तो भरायचा कोणी? मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये त्यासाठीची युनिक्स खिडकी काढून टाकली. रकाने शिल्लक राहिले, पण नवा माणूस आला की ते भरायचे राहून जातात आणि त्याला लिनक्सवर प्रवेश मिळत नाही. म्हणून आता मी बहुतेकदा एसआयडीच्या शेवटच्या भागावरून गणिताने आकडा काढू देतो. त्यातही विनबाइंड आणि तेच काम करणारे दुसरे सॉफ्टवेअर एसएसएसडी यांचे गणित मुळात वेगवेगळे असते, त्यामुळे एकाच साठ्यावर दोन्ही आले की पगारपत्रकाचीच गोष्ट पुन्हा घडू शकते. शिवाय कंपनी दुसऱ्या डोमेनमध्ये विलीन झाली की एसआयडी बदलतात आणि गणिताने काढलेले आकडेही बदलतात. हाताने भरलेले आकडे मात्र तसेच नेता येतात. तेव्हा माझ्यातला जुना माणूस "सांगितले होते ना?" म्हणतो, आणि त्याला द्यायला माझ्याकडे पुरेसे उत्तर नसते.

म्हणून सर्व्हर जोडायला सांगताना कमांड कोणती ते मला सांगू नका. त्यावर कोणता साठा माउंट होणार आहे आणि तोच साठा आणखी कोणत्या सर्व्हरवर आहे, ते आधी सांगा.