अर्धा मिलिमीटर

गेल्या वर्षी आमच्या बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर मी जेलकोट जाळला. हातात रोटरी पॉलिशर, त्याला लोकरीचं पॅड, अंगात दिवसभराचा थकवा आणि मनात 'एवढा कोपरा उरकून टाकू' ही घाई. चार-पाच सेकंदांत गडद निळ्यामध्ये नखाएवढा फिकट डाग उमटला आणि त्यातून काचतंतूंची वीण दिसायला लागली. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "इथं आता घासायला काही उरलं नाही गं." ते वाक्य वर्षभर मनातून गेलं नाही.

फायबरच्या बोटीवर आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनचा थर. बोट घडवताना साच्यात आधी तो फवारतात आणि मग त्यावर काचतंतू बसवतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मरतो, खडूसारखा होतो, हात फिरवला की बोटांना पीठ लागतं. पॉलिश करताना आपण हा मेलेला पापुद्रा खरवडून काढतो. दर खेपेला त्या अर्ध्या मिलिमीटरमधलं थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. मशीन हातात आलं की हे विसरायला होतं, कारण मशीन थकत नाही.

म्हणून यंदा मशीन लावण्याआधी अख्खी बोट साबणाने धुतली, जुनं मेण सॉल्व्हंटने पुसून काढलं आणि मग हलवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगावर, नुसतं पाणी मारून पाहिलं. ओलं असताना जिथे खोल निळा रंग परत दिसतो, तिथे खाली जिवंत थर आहे. उजवी बाजू कमी मेलेली निघाली. तिथे कंपाउंड, म्हणजे घासून काढणारी भरड पेस्ट, लावलंच नाही, फोमच्या पॅडवर बारीक पॉलिशने भागलं. गेल्या वर्षी मी दोन्ही बाजूंना सारखंच रगडलं होतं, याचं आज वाईट वाटतं.

डाव्या बाजूला मात्र लोकर लागलीच. पाणरेषेवर टेप लावून घेतला, कारण खालच्या, शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाला पॅड लागलं तर तो रंग निघतो आणि त्याची विषारी धूळ उडते. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, केस टोपीत, वायर खांद्यावरून मागे. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, जास्त नाही. कंपाउंडचे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच पॅडने पसरवायचे, मग हळू गतीवर सुरू करून मिनिटाला 1,400 फेऱ्यांपर्यंत न्यायचं. आधी आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. जोर द्यायचा नाही. मशीनचं वजन पुरतं, आपण फक्त ते सपाट धरायचं. दोन पट्ट्यांच्या मध्ये मी हाताची मागची बाजू हलला लावून बघत होते. कोमट चालतं, चटका बसला की थांबायचं. गडद रंग फार लवकर तापतो, म्हणून सगळं काम सावलीत.

नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथे दोन्ही बाजू मिळतात, तिथे पॅड धारेवरून बाहेर पडेल अशा दिशेने फिरलं पाहिजे. उलटं फिरलं तर ते धार चावतं. गेल्या वर्षी कोपऱ्यावर माझ्याकडून हेच झालं होतं. पॅड भरलं की स्परने, म्हणजे पॅड साफ करायच्या दातेरी चाकाने, लोकर उकलायची. वाळलेलं कंपाउंड लोकरीत राहिलं तर ते ओरखडे पाडतं.

लोकरीने आलेली चमक फसवी असते, हे मला बाबांनी दाखवलं. त्यांनी टॉर्च हलला जवळजवळ टेकवून तिरपा धरला, आणि मी झाली म्हणत होते त्या जागेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली. ती घालवायला ऑर्बिटल मशीन आणि मऊ फोम. ऑर्बिटलचं पॅड फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. वेळ दुप्पट लागतो. मला ते मशीन आवडायला लागलंय. आवाजही कमी, बाबांशी बोलता येतं.

कोपऱ्यावरच्या डागाला यंदा मशीन लावलं नाही. तिथे रंग जुळवून जेलकोट भरला, घट्ट झाल्यावर ओल्या पॉलिश पेपरने, 800 नंबरपासून 2000 पर्यंत, हाताने उतरवला. फडकं बाबांच्या हातात होतं. निळा किंचित वेगळा आहे, जवळून पाहिलं की कळतं.

डाव्या बाजूचं मेण अजून व्हायचंय. उद्या सकाळी हल थंड असताना लावू.